फळ्यावर लिहायचं काय

लान्सारोतेला माती कमी, राख फार.
काळी, खरखरीत, बुटाखाली कुरकुरणारी.
तीत मी पुरुषभर खोल खड्डे खणतो,
तळाशी वेल, एका खड्ड्यात एकच,
आणि काठावर दगडांचा अर्धा बांध.
वारा बारा महिने एकाच बाजूनं येतो,
म्हणून अर्धा पुरतो.
माझं काम तेवढं.
पुढचं सगळं ओतिलियाचं.

चोवीस वर्षं तिनं पाहुण्यांना वाइन ओतली
आणि फळ्यावर खडूनं लिहिलं:
मालवासिया, कोरडी. पेअरचं साल, समुद्र, किंचित धूर.
सोबत लसणीत भाजलेले शिंपले.
मी येता-जाता वाचायचो, मनात हसायचो.
मला वाइनला वाइनचाच वास यायचा.
आमच्या घराचं नाक तीच.

फेब्रुवारीत तिला ताप आला.
उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला.
कॉफी उतू जाऊन करपली, ती शेजारीच उभी.
एकदा मी शेळ्यांच्या गोठ्यातून तसाच आत आलो,
आणि तिनं गळ्यात हात टाकले.
तेव्हा कळलं मला,
केवढं नुकसान झालंय ते.

बसगाड्या यायला लागायच्या आदल्या दिवशी
तिनं फळा पुसला, खडू घेतला.
‘खिनेस, तू हुंग. मी लिहिते.’
‘मला कुठं येतं?’
‘श्वास येतो ना? मग झालं.’

मालवासिया. मी डोळे मिटले.
काहीच नाही.
मग, चुना लावलेल्या भिंतीवर सकाळचं ऊन.
‘अजून?’
होडीचा दोर. वाळलेला.
‘सोबत काय?’
पोपटमासा, तव्यावर, खवल्यांसकट.
‘कशावरून?’
मला भूक लागली, त्यावरून.

गुलाबी लिस्तान:
टोमॅटोचं देठ चुरगाळावं
आणि तोच हात नाकाशी न्यावा.
सोबत मिठाच्या पाण्यात सुरकुतलेले बटाटे,
वर कोथिंबिरीची हिरवी चटणी, हात सैल सोडून.

तांबडी: विझवलेला कोळसा.
शेळीच्या गळ्यातला पट्टा.
खडू थांबला.
‘शेळी लिहू?’
लिही.
‘लोक पैसे देऊन येतात, खिनेस.’
लिही गं. सोबत तिच्याच दुधाचं धुरावलेलं चीज,
म्हणजे घरातलं भांडण घरात राहील.

दुसऱ्या दिवशी एका नॉर्वेजियन बाईनं फळ्याचा फोटो काढला.
बिलबाओच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं,
कोणती शेळी?
मी खिडकीतून ब्रुखा दाखवली.
तो बराच वेळ तिच्याकडे बघत प्याला.
तांबडीच्या चौदा बाटल्या गेल्या.
ओतिलिया मोजताना हसली नाही.

संध्याकाळी मोस्कातेल राहिली होती, गोड,
आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेल्या वेलींची.
तिनं घोट तोंडात धरला, खूप वेळ.
‘गोड आहे, हे कळतं.
जड आहे. कडांना आंबट.
बाकी कुणी दिवा मालवलाय.
तू सांग.’

मनुका, मी म्हणालो.
‘खोटं. मनुका काय, मीही न हुंगता लिहिली असती.’

पुन्हा पेल्यात नाक घातलं.
तुझ्या आईचं कपाट, म्हणालो.
चादरींच्या घडीत अंजिराची पानं.
तू किल्ली हरवली होतीस,
आणि आपण ते सुरीनं उघडलं.

ती काही बोलली नाही.
खडूची टोकं तिनं एप्रनच्या खिशात टाकली,
परत काढली.

मी चुलीतून रताळं आणलं, मोडून अर्धं तिला दिलं.
सालाखालून वाफ निघाली.
तिनं चेहरा त्या वाफेत धरला,
जुन्या सवयीनं,
मग दातानं एक तुकडा तोडला
आणि जीभ भाजली म्हणून मला शिवी घातली.

फळ्यावर सगळ्यात खाली, तिच्या अक्षरात:
मोस्कातेल. एक कपाट, सुरीनं उघडलेलं.
सोबत रताळं. गरम.
त्या ‘गरम’खाली दोन रेघा.