उसवण्यासाठी घातलेली शिवण

नारीनच्या वीजवखारीत, माझ्या मागच्या भिंतीवर
एकोणतीस खुंट्या, एकोणतीस पट्टे.
माणसं मला आधी नावानं आठवत नाहीत, नंबरानं आठवतात:
सतरा म्हणजे ओमुरझाक, हूक लागल्याचा आवाज कानानं ऐकणारा.
बावीस म्हणजे त्याचा भाचा एर्मेक,
न ऐकणारा.

सकाळी सहाला, चहाआधी,
मी एकेक पट्टा बोटांतून ओढते, वीतवीत,
मेंढी कापल्यावर आई आतडं ओढायची तसा.
कुठं चिरलाय, कुठं वेल्डिंगची ठिणगी बसलीय,
कुठं उन्हानं रंग खाल्लाय.
डोळे फसतात. बोटं नाही.

नव्या पोरांना मी फार सांगत नाही.
डोक्याच्या वर अडकवा, पायाशी नाही.
आधी खुंटा हलवून बघा, मग जीव टाका त्याच्यावर.
दोन हूक शोभेला दिलेले नाहीत,
एक सुटला की दुसरा धरलेला हवा,
घोडं बदलताना एक लगाम हातात राहतो तसा.
लांब होतो म्हणून गाठ मारू नका,
गाठीत पट्टा अर्धा मरतो.
आणि खाली सहा मीटर मोकळी हवा नसेल
तर हा नुसता अंगावरचा दागिना.

एर्मेक हसायचा. त्याचा आजोबा म्हणे
सुताच्या दोरावर खांब चढायचा.
आजोबाला भाऊ किती होते रे?
चार.
म्हातारे किती झाले?
त्याचं हसू थांबलं नाही,
पण त्या दिवशी पट्टा त्यानं दोन्ही हातांनी घेतला.

ऑक्टोबर. एक्केचाळीस नंबरचा टॉवर.
पोलादावर रात्रीचं हिव, काचेसारखं, न दिसणारं.
त्यानं सांगितलं ते एवढंच:
पाय होता, मग नव्हता,
मग कुणीतरी पाठीकडून बखोट धरावं तसं धरलं
आणि टर्रर्र आवाज, कापडाच्या दुकानात होतो तसा.
खाली नदी झुलत होती.
जीव टांगणीला लागणं म्हणजे काय
ते तिथं त्याला शब्दशः कळलं.
लोंबकळताना पाय बधिर होतात, हे मात्र त्याला आठवलं:
हार्नेसमधली फासाची पट्टी सोडून तो तिच्यात उभा राहिला.
मामानं अकरा मिनिटांत उतरवला.
अकरा. मी वहीत लिहिलंय.

मग माझ्या टेबलापाशी आला,
हातात बावीस, फाटून दुप्पट लांब झालेला.
“एजे, हा मला दे. गाडीच्या आरशाला बांधतो.
नशिबाचा आहे.”

मी कात्री काढली.
होतं तेवढं नशीब यानं खर्च केलं, म्हटलं,
ओढलेल्या काडीनं चूल पेटत नाही.
तीन तुकडे केले, म्हणजे कुणी जोडायला नको.
एर्मेकनं असं बघितलं
जणू मी त्याचं घोडं मारलं.
एक तुकडा त्यानं खिशात घातला.
मी वहीत बघत राहिले.

आठवड्यानं त्याची आई आली, तुर्सुनाय.
चाळीस वर्षं लोकरीच्या नमद्यांचे गालिचे शिवते,
तिचा टाका तीन पिढ्या पायाखाली टिकतो.
तुकडा टेबलावर ठेवून तिनं चष्मा लावला.
ओळीनं सुटलेले धागे बोटानं मोजत गेली,
ओठ हलत होते.
“माझा जन्म गेला उसवू नये म्हणून शिवण्यात.
हे कुणी शिवलं?”
मशीननं, मी म्हटलं.
“मशीनवर कुणीतरी बसलं असेलच की.”
मग पुन्हा मोजलं, शेवटून.
“एवढे सुटले. आणि इथं थांबले बघ.
तिला माहीत होतं कुठं हरायचं.”

चहा न घेताच गेली.

वहीत बावीसपुढं लिहिलं: बाद.
कारण या रकान्यात नेहमी झीज, गंज, ऊन असं येतं.
मी लिहिलं, काम केलं.
खुंटीवर नवा पट्टा, अजून ताठ,
कारखान्याचा वास येणारा.
उद्या सहाला तो येईल.
आधी बोटं, मग चहा.