माप

सीपीआरच्या दुसऱ्या मजल्यावर
नलवडे डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडापुढं धरली.
ही मेंदूची वरची साल. जाडी दोन ते चार मिलिमीटर.
म्हणजे पट्ट्याच्या चामड्याएवढी, मी म्हणाले.
त्या थांबल्या.
सुभाषनगरात वाढलेल्या पोरीला
जाडी आधी बोटांना कळते, मग आकड्याला.

आणि उलगडून पसरली तर?
हातभर लांब, हातभर रुंद, वर चारएक बोटं.
एवढं कातडं कवटीत बसवायचं, म्हणून तर घड्या,
उंचवटे, खाचा,
तीनातले दोन वाटे घडीच्या पोटात,
जन्मात उजेड न बघितलेले.
आणि त्या जाडीत थर सहा.
अण्णा तळाला तीन थर लावायचे, वादीनं शिवायचे,
खिळा नाही म्हणून मिशीतल्या मिशीत हसायचे.
सहा मात्र त्यांनाही जमले नसते.

अण्णा कॉटवर.
उजवा हात भिजत घातलेल्या कातड्यासारखा.
सोमवारी आरी हातातून पडली,
आईला हाक मारायला तोंड उघडलं
आणि बाहेर आलं नुसतं त... त...
डाव्या कानशिलाच्या वर, पुढच्या बाजूला,
एका घडीला रक्त पोचलं नाही.
तिथं शब्द जुळतात म्हणे.
कळतंय सगळं. पाणी म्हटलं की मान हलते,
चहा फिका असला की कप परत.

शिव्या मात्र शाबूत.
सुई दिसली की स्वच्छ, खणखणीत,
आयला तुझ्या रांडेच्या!
सगळा वॉर्ड हसला,
ब्रदर तर आशीर्वाद मिळाल्यासारखा लाजला.
बाई म्हणाल्या, शिव्या, आकडे, आरत्या,
जे घोकून घोकून गुळगुळीत झालंय
त्याची वाट निराळी, बहुधा उजवीकडून, बहुधा खोलातून.
नक्की अजून कुणालाच ठाऊक नाही.
हे त्यांनी इतकं सहज म्हटलं
की मला त्या आवडल्या.

मग केसपेपरच्या पाठीवर त्यांनी माणूस काढला,
मेंदूच्या कडेवर आडवा टाकलेला.
ओठ भाकरीएवढे, अंगठा वांग्याएवढा,
पाठ बिचारी चिंचोळी.
आणि पाय?
दोन अर्धांच्या मधल्या भेगेत
आत लोंबता सोडलेला.
तिथलं रक्त दुसऱ्या नळीचं,
म्हणून पाय वाचला तुमच्या वडिलांचा.

चाळीस वर्षं लोकांच्या पायांपुढं मान वाकवून बसलेला माणूस.
त्याच्या डोक्यात पाय असा मधोमध,
सगळ्यात आडोशाला.
मला कळतं, तो नकाशा त्यांच्याच पायाचा,
गिऱ्हाइकांच्या नाही.
तरी.

रोज सकाळी एक मुलगी चित्रं घेऊन यायची.
छत्री. किल्ली. कप.
अण्णा ओठ जुळवायचे, छ... छ...
मग माझ्याकडं बोट. ही कोण?
ही, म्हणायचे. ही. ही.
सारिका. तीन अक्षरं,
तिन्ही घडीत अडकलेली.

अकराव्या दिवशी मी गादीची चादर खोचत होते,
चप्पल कॉटखाली सरकवलेली.
अण्णांचा डावा हात खाली आला
आणि त्यानं माझं पाऊल धरलं.
टाचेपासून बोटं टेकवत निघाले,
चार, परत चार, परत चार,
अंगठ्याशी थांबले. जरा विचार केला.
बारा, म्हणाले. बारा बोटं.
वर एक जव.

दहावीला नवी जोडी शिवली तेव्हा बाराच होती,
नेमकी, मला आठवतंय.
हा जव नंतरचा.
म्हणजे घोकलेलं नव्हतं ते.
मोजलं होतं.

मी बाईंना सांगायला पळणार होते,
पण पाऊल अजून त्यांच्या हातात होतं.
आणि शेजारच्या कॉटवरच्या आप्पांनी
पांघरुणातून आपला भेगाळलेला पाय बाहेर काढला होता.
माझं बी बघा की ओ.