शुक्रवार संध्याकाळपर्यंत

सोहारमध्ये तीन दिवस वाळूचा वारा.
खिडकीच्या फटीत मी ओला टॉवेल कोंबलाय
आणि लॅपटॉपवर तुझी फाईल उघडी.
वय तीन वर्षं दोन महिने. वजन अकरा किलो.
दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.
बाकीची तू एका ओळीत: हसरी आहे, भात आवडतो.

उत्तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

अर्ज भरताना एक यादी होती,
काय चालेल, काय चालणार नाही.
फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयाला छिद्र,
प्रत्येकापुढे तीन चौकोन:
हो, नाही, सांगता येत नाही.
वांगी निवडते मी, देठ बघून, नख लावून,
तसंच त्या यादीवरून बोट फिरवत गेले
आणि मध्येच उठून हात धुऊन आले.

तुझ्याआधी सहा वर्षं
या घरच्या फ्रीजमध्ये लोण्याशेजारी
इंजेक्शनं राहत होती.
हेरंब रात्रपाळीहून यायचा,
माझ्या पोटावर बर्फ धरायचा,
आणि सुई टोचण्याआधी स्वतःच "आई गं" म्हणायचा.
शेवटच्या डॉक्टर मस्कतच्या.
त्यांनी पेनाला टोपण लावलं
तेव्हाच मला कळलं.
परतीच्या दोन तासांच्या रस्त्यात
आम्ही फक्त पेट्रोलच्या भावावर बोललो.

आता खरं सांगते,
कुणालातरी सांगायला हवं म्हणून.
धडधाकट मुलांची रांग फार लांब होती.
तुझ्या रांगेत कुणीच नव्हतं.
मग हे काय आहे? माया, की दमलेले पाय?
नणंद फोनवर म्हणाली, केवढं मोठं पुण्य!
मला तो शब्द गिळता आला नाही.
पुण्याला कुणी जेवायला हाक मारत नाही,
त्याची नखं कापत नाही.

हेरंब आकडे मांडतो. त्याचा स्वभाव.
विमा हे धरत नाही.
इथे तुझ्यासाठी शाळा नाही, मस्कतला असेल.
करार दोन वर्षांचा, पुढचं कंपनी जाणे.
परत गेलो तर धाराशिवात काय आहे?
कागदाच्या तळाशी त्याने रेघ मारली
आणि बेरीज केली नाही.

काल कानांत कापूस घालून
मी दुपारभर घरात वावरले.
कुकरची शिट्टी दिसते. आधी थरथर, मग वाफेचा तुरा.
दूध उतू गेलं.
दारावर कोण येऊन गेलं, माहीत नाही.
मग कापसातूनही पुसटशी अजान आली
आणि मी ओशाळले.
तुझ्यापाशी कापूस नाही काढून टाकायला.

हेरंबला सांगितलं, तर हसला नाही.
म्हणाला, पंपांच्या घरात
अकरा वर्षं मी कुणाशी तोंडाने बोललेलो नाही.
आणि जेवता जेवता उठून दाखवू लागला:
उघड. बंद कर. हळू, हळू.
थांब, आत माणूस आहे.
पाणी आलं.
आमटीने माखलेला हात हवेत.
समुद्राचं पाणी गोडं करतात त्या जागी
एवढी भाषा चालते, मला पत्ताच नव्हता.
मी विचारलं, "भूक लागली"ला काय?
तो अडला.
म्हणाला, ते तिथे कधी लागलंच नाही.

रात्री फाईल पुन्हा वाचली. शेवटच्या पानावर
कुणा मावशीच्या हातची ओळ,
स्कॅन करताना कडेला कापलेली:
कोणी आलं की हिला फरशीतून कळतं, पाय
पाय काय? पायाला? पाय आपटलात तर?

दोन वाजता स्वयंपाकघरात उभं राहून
मी टाचेने फरशीवर एकदा आपटलं.
खालच्या मजल्यावरच्या वर्गीसने
झाडूच्या दांड्याने छताला टोला दिला, चिडून असेल.
मी परत आपटलं.

आज गुरुवार. वारा पडलाय,
टॉवेल वाळून फळी झालाय.
संस्थेला मी एकच ओळ पाठवली आहे,
तिच्यात हो नाही आणि नाहीही नाही:
त्या मावशींना विचारा, पुढे काय लिहिलं होतं.
हेरंब आरशापुढे, दाढी अर्धी,
भुकेसाठी हात शोधतोय.