मजुरी धरून

गाडी घेतली तेव्हा ताउनोने बॉनेटवर थाप मारली होती,
त्याचा आजा लाकडं ओढायला घोडा घेताना मारायचा, तशी.
करडी, चार दारांची, एक लाख दहा हजार किलोमीटर पळालेली.
"ही आपल्याला पुरून उरेल," म्हणाला.
थंडर बेमध्ये अशी वाक्यं सप्टेंबरात सुचतात.
नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडतं.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात.
हिचं मुंगीच्या पावलांनी आलं:
मागच्या चाकाच्या कमानीवर एक फोड, मसुराएवढा.
मी नखाने खरवडला.
खाली पत्रा नव्हता.

पहिल्या वर्षी काही नाही, दोन टायर.
मग व्हील बेअरिंग. मग दुसऱ्या बाजूचं,
कारण पहिल्याला सोबत हवी असावी.
मग वॉटर पंप, निपिगॉनच्या अलीकडे, उणे एकतीस,
मागे हेल्मी तापाने फणफणलेली
आणि हीटरमधून येणारी हवा बाहेरच्यासारखीच.
डॅशवरचा पिवळा दिवा बघून ताउनो म्हणाला, सेन्सर असेल.
अकरा वर्षं आमच्याकडे फक्त सेन्सरच बिघडतोय.
शेवटी त्याने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.
रात्री तिच्या कडांतून उजेड झिरपतो.

ओरेस्ट रक्कम तोंडाने सांगत नाही.
हात पुसतो, पावतीच्या पाठीवर आकडा लिहितो,
कागद उलटा करून सरकवतो
आणि आपण वाचेपर्यंत खिडकीबाहेर मालगाडीचे डबे मोजतो.

मी वही ठेवली आहे. दोन रकाने: सुटे भाग, मजुरी.
ब्रेक लाइन गंजून फुटली: एकशे साठ, तीनशे दहा.
भाग नेहमी स्वस्त असतो,
त्याच्यापर्यंत हात पोचवायचे पैसे पडतात.
हे मी गाडीकडून शिकले, पण वापरलं दुसरीकडेच.

आता गिअरबॉक्स. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
ती क्षणभर कुठेच नसते,
जिना संपला तरी आपण आणखी एक पायरी उतरतो ना,
तशी.
चार हजार दोनशे, उलटा कागद.
गाडीची किंमत, कोणी वेडा भेटलाच, तर नऊशे.

म्हणून काल रात्री बेरीज करायला बसले.
ताउनोला एकदाच, आकड्यानिशी, गप्प करायचं होतं.
खरेदी अकरा हजार नऊशे.
दुरुस्त्या चौदा हजारांच्या वर जात होत्या
आणि मला, खोटं कशाला बोलू, मजा येत होती.
मग एक ओळ आडवी आली.
हेड गॅस्केट. भाग: दोनशे पंच्याऐंशी.
मजुरी: रिकामं.

पावती शोधली. ग्लोव्ह बॉक्सच्या तळाशी, कॉफी सांडलेली.
कागदाची गिरणी बंद पडली त्या मार्चमधली.
मजुरीपुढे ओरेस्टच्या अक्षरात एकच शब्द: नंतर.
नंतर त्याने कधी मागितली नाही,
आम्ही काढली नाही.
ताउनोला आठवत होतं. मला नव्हतं.
वही माझी होती.

आज सकाळी पाकिटात सातशे घालून गेले.
मला वाटलं होतं तो हात झटकेल, अहो राहू दे म्हणेल,
मी आग्रह करेन, थोडं नाटक होईल.
त्याने मोजून घेतले.
पन्नास परत दिले; म्हणाला, तेव्हाचा दर कमी होता.
पावती फाडली, त्यावर तारीख आजची घातली.

मग विचारलं, गिअरबॉक्सचं काय करायचं?

बाहेर ताउनो गाडीत बसून होता, इंजिन चालू ठेवून,
काच थोडी खाली, हात दारावर.
बंद केली तर पुन्हा लागेल की नाही,
त्याला खात्री नव्हती.