अक्षरामागे नऊ रुपये

माझगावच्या ज्यू कबरस्तानात
पुसट झालेली अक्षरं पुन्हा काळी करतो मी.
एरवी ट्रकच्या मागे मोर काढतो.
हिब्रू वाचता येत नाही, काढता येतं,
उजवीकडून, नक्षीसारखं.

भिंतीलगत डॉक्टर रहमीम धांडेकर.
प्लेगच्या साली सुई घेऊन चाळीचाळीत फिरले,
लोकांनी दगड मारले,
कपाळावरची खोक शेवटपर्यंत होती म्हणे.
आता पणतवंडं येतात. यांच्यात फुलं नसतात,
कबरीवर एकेक खडा ठेवून जातात.
रंगवण्याआधी मी ते बाजूला काढतो,
मोजून परत ठेवतो. मागच्या खेपेला चौदा.
त्यातला एक चांगला मुठीएवढा.
तो कोणी ठेवला, विचारायचं राहिलं.

कॉलेजची पोरं येतात मिस रत्नज्योतीला शोधत,
मूकपटातली, धावत्या घोड्यावरून उडी मारणारी.
सापडत नाही.
दगडावर नाव मिलकाबाई वाकरूळकर.
मृत्यूची तारीख पुरती,
जन्माला नुसते १९,
पुढे दोन आकड्यांची मोकळी जागा.
बाईंनीच तसं बजावून ठेवलेलं.

परवा त्यांचा पुतण्या आला, पंचाहत्तरीचा,
काठी टेकत, चिठ्ठीवर साल लिहून.
"एवढं भरून टाक. किती दिवस अर्धवट ठेवायचं?"
दोन आकडे, अठरा रुपये.
मी ब्रश बुडवला.
डबीच्या काठावर निथळला.
म्हटलं, काका, आज रंग धरायचा नाही,
हवा दमट आहे.

हवा खडखडीत कोरडी होती.