मीठबंदर रोड, दुसरा मजला

चाळीस लिटरची काच. मिक्सरच्या खोक्यापेक्षा जरा मोठी.
पाण्याच्या वजनाला घाबरून
ओट्याच्या टोकाला, भिंतीला टेकून ठेवली.

मिठाची बादली नौपाड्याहून रिक्षातनं आणली.
पावती बघून अप्पा काही बोलले नाहीत.
बत्तीस वर्षं मिठागरावर मुकादम होता हा माणूस.
झाकण उघडलं, चिमूट बोटांत चोळली,
म्हणाले, "कोरडं आहे. माती नाही."
मग पुन्हा एकदा पावती वाचली.

खाडी इथून चालत सात मिनिटं.
तिचं पाणी का नको, हे त्यांनी विचारलं नाही.
तिच्यात काय काय येतं, त्यांना माहीत आहे.

पहिला आठवडा: दगड, वाळू, पंपाची घरघर.
दुसरा आठवडा: दगड, वाळू, पंपाची घरघर.
हिरूबाई पाटी उतरवून दारात टेकली,
बघत राहिली. "काय गो, दगड पालतेस?"
म्हटलं, जे अजून दिसत नाही ते पाळतेय.
तिनं बोंबील मोजले, एक जास्तीचा टाकला,
वेड्या माणसाला देतात तसा.

दिवसभर लॅबमध्ये मी लोकांची साखर मोजते.
रात्री चष्मा कपाळावर सरकवून
पाच मिली पाणी नळीत, आठ थेंब, हलव, थांब.
हिरवं.
दुसऱ्या रात्री हिरवं. दहाव्या रात्रीही.
वीस वर्षं खिडकीतून सांगत आले, रिपोर्ट उद्या मिळेल.
आता खिडकीच्या अलीकडे मी उभी.

चौथ्या आठवड्यात सगळं तपकिरी झालं,
न घासलेल्या चहाच्या भांड्यासारखं.
रडले नाही, दुकानात फोन केला.
आल्विन म्हणाला, "छान! येऊ दे. हात लावू नका."

एप्रिल. छोटा पंखा पाण्याच्या तोंडाशी लावला
आणि पाणी उडायला लागलं,
काचेवरच्या पेनाच्या रेघेखाली रोज बोटभर.
सकाळी गोडं पाणी घालताना अप्पा मागे येऊन उभे.
"आम्ही पाणी जाऊ द्यायचो, मीठ राहावं म्हणून.
तुझं उलटंच."
"मीठ उडत नाही ना अप्पा, मागे राहून चढतं."
"मला सांगतेस?"
मी ओरडायच्या आत बोट बुडवून जिभेला लावलं.
"चढलंय. थोडंसं."
थेंब भिंगाखाली घेऊन उजेडाकडे धरला:
सत्तावीस. हवं होतं पंचवीस.
त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.
त्यांच्या कोंड्यांमध्ये आता खारफुटी उगवलीय.

सहाव्या आठवड्यात नळी पिवळी झाली.
आल्विननं नखाएवढ्या चकतीवर पाच तोंडं दिली.
"झोअँथस. चिवट असतं. नवशिक्यांकडेही जगतं."
पिशवी अर्धा तास तरंगवली, मग हळूच दगडावर.
मिटलेलं. दोन दिवस मिटलेलं.
जणू कुणी आत बसून कडी लावलीय.

तिसऱ्या रात्री कोपरीतली वीज गेली.
पंप थांबल्यावर कळलं, त्याचा आवाज आता घराचा झालाय.
पाण्यात हवा जायला हवी,
म्हणून वाटीनं उचलून उचलून परत ओतत बसले.
एक वाजता अप्पांनी वाटी काढून घेतली.
"जा, झोप. सकाळी लोकांचं रक्त काढायचंय तुला."
अंधारात मी ऐकत राहिले,
उचललं, ओतलं, उचललं, ओतलं,
एकदाही सांडलं नाही.

वीज कधी आली, ठाऊक नाही.
पहाटे टायमरचा निळा दिवा लागलेला,
अप्पा खुर्चीत, वाटी मांडीवर उपडी,
लेंग्यावर वाळून पांढरे पडलेले थेंब.
आणि चकतीवर एक तोंड,
पाचातलं एकच, बाकीची चार अजून रुसलेली,
नारिंगी, कडेनं हिरवी झालर,
शर्टाच्या बटणाहून लहान,
उघडं.

हाक मारणार होते.
पण पेनाच्या रेघेखाली पाणी दोन बोटं उतरलं होतं.
आधी गोडं पाणी आणायला उठले,
पाय न वाजवता.