पहा

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
स्कॅनरच्या खोलीत एसी आहे.
आमच्या खोलीतला कूलर बंद, तसा लेखी आदेश:
ओल धरते, कागद फुगतो.
म्हणून आम्ही तिघं आळीपाळीनं
यंत्रासाठी केलेल्या थंडीत जाऊन बसतो.

तन्मय ठवकर परसोडीहून येतो
गाडीवर, तोंडाला दुपट्टा गुंडाळून.
म्हणतो, मॅडम, मशीन शिकून राहिली आहे,
शंभरात ब्याण्णव अक्षरं बरोबर.
उरलेली आठ माझ्याकडे येतात.

आज एका साप्ताहिकाचा तिसरा अंक, कव्हर नसलेला.
कसरीनं पाडलेलं भोक
पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत सरळ गेलेलं.
यंत्रानं वाचलं:
तांडापेठेतले गोष्टी संपावर.
मी हसले. तन्मयही हसला.
मग प्रतिमा मोठी केली. कोष्टी.
पुढे, घोटा थांबला.
धोटा रे बाबा, मागावरचा,
असा इकडून तिकडे जाणारा.
त्यानं कधी पाहिलेला नाही. मी हातानं दाखवला.

पुढची ओळ: घरोघर मूक आहे.
इथं लाल रेघ नव्हती.
मूक हाही कोशातला शब्द,
यंत्राला शंका यायचं कारण नाही.
शाई सांडून भ चं उघडं डोकं
बुजलं होतं, एवढंच.

आमचा माग तांडापेठेतच होता.
बाबा त्या वर्षाबद्दल बोलायचे नाहीत.
विचारलं की उठून कंदिलाची काच पुसायचे,
वीज आल्यावरसुद्धा.
म्हणजे यंत्र अगदीच चुकलं होतं असंही नाही.
तरी मी म खोडला.
भ लिहिला.

विषयाच्या रकान्यात भूक टाकायला गेले
तर यादीत भूक नाही.
अन्नसुरक्षा आहे. पोषण आहे.
मान्य यादी वरून येते,
तिथं शब्द वाढवायला अर्ज, अर्जाला तीन सह्या.

खानझोडे सरांची कार्डं जिन्याखाली आहेत,
सागवानी कप्प्यांसकट, लिलावाची वाट पाहत.
खाली बसून भ चा कप्पा ओढला. अडकला. पुन्हा ओढला.
सरांचं तिरपं अक्षर, निळी शाई:

भूक
पहा: विणकर
पहा: संप
पहा: ज्वारी, भाव
हेही पहा: लग्नं, पुढे ढकललेली

शेवटची ओळ मी दोनदा वाचली.
कोणत्या ग्रंथालयशास्त्रात बसते ही?
कुणाचं लग्न, सर?
मागे पेन्सिलनं: रॉकेल, दोन लिटर.

कार्ड वर आणलं आणि काचेवर ठेवलं.
तन्मय म्हणाला, हे यादीत नाही.
म्हटलं, पान समज. दोन्ही बाजू घे.
उजेड कार्डाखालून सरकत गेला,
इकडून तिकडे,
मग तिकडून इकडे.

तो म्हणाला, तुम्ही दुरुस्त केलं ना,
आता मशीन मूक दिसलं की भूक वाचेल.
आणि जिथं खरंच मूक असेल तिथं?
तो दुपट्टा शोधत होता.
ते येईल की तुमच्याकडे, म्हणाला,
आणि उन्हात गेला.